हंसाबाईची रेघ

रेघ सरळ होती.

अवधूतने कापड उलटवून पाहिलं. मागूनही सरळच. मग त्याने खिडकी उघडली आणि कापड उन्हात धरलं, कारण ट्यूबलाइटवर त्याचा विश्वास नव्हता. उन्हातही रेघ तशीच राहिली, खांद्यापासून कमरेपर्यंत, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या भांगासारखी. बोरी अरबहून सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या ओळखीवर आलेली खताची धुतलेली पिशवी पुढ्यात पडली होती आणि तिच्यातून त्याने एकामागून एक बारा जाकिटांचे सुटे भाग काढले. निळीत रंगवलेलं जाड सुती कापड, त्यावर हंसाबाईंच्या हातचा पांढरा धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांमधली जागाही तांदळाच्या दाण्याएवढी. असं काम पाहून शिवणक्लासच्या कुठल्याही बाईंनी हंसाबाईंना वर्गापुढे उभं करून कौतुक केलं असतं. अवधूत मात्र मटकन चटईवर बसला. लाइन गेलेली माहीत असूनही माणूस पंख्याचं बटन दाबून पाहतो, तसं तो रेघेवरून बोट फिरवत राहिला. आठ बोटांवर, नेहमी जिथे वळण यायचं तिथे, बोट आपलं आपण डावीकडे सरकलं आणि कोऱ्या कापडावर गेलं. तिथे काही नव्हतं. पिशवीच्या तळाशी वहीच्या कागदाची चिठ्ठी होती. हंसाबाईंची सून समीक्षा बारावीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल. 'आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शिबिरात. आता सगळं दिसते. त्यांनी सांगितलं की भाऊंना म्हणावं, या वेळेस काम चांगलं केलं.'

या वेळेस, हे दोन शब्द त्याने तीनदा वाचले.

यवतमाळात बसून पुण्या-मुंबईच्या लोकांना कपडे घालणारा माणूस म्हणून अवधूतचं जे काही नाव होतं, ते त्या रेघेचं होतं. सहा वर्षांपूर्वी, मुंबईतली नोकरी सोडून तो घरी परत आला तेव्हा त्याच्याकडे कोरी जाकिटं होती, 'वळण' हे नाव होतं, आणि नावाला शोभेल असं काहीच नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून तो बोरी अरबला गोधड्या शिवणाऱ्या हंसाबाईंकडे गेला आणि एक जाकीट देऊन म्हणाला, मावशी, खांद्यापासून खाली एक पांढरी ओळ टाका. ओळ आली ती अशी, की आठ बोटं सरळ चालत यायची, मग वाटेत कुणीतरी बसलेलं दिसावं तशी डावीकडे व्हायची, थोडा वेळ तिकडून जायची, आणि आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना अशा बेताने परत जागेवर यायची. अवधूत ते जाकीट घेऊन पुण्याच्या प्रदर्शनात गेला आणि लोक त्या रेघेपुढे उभे राहिले. एका मासिकाने 'यंत्राच्या सरळपणाला दिलेला शांत नकार' असं लिहिलं. मग त्याला बोलायला बोलवायला लागले. एका सभागृहात, हातात माइक असताना, तो म्हणाला होता, 'ही रेघ चुकत नाही, ती विचार करते.' वाक्य सुरू करताना ते कुठे जाणार हे त्यालाच ठाऊक नव्हतं, पण ते संपेपर्यंत त्याचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. त्यातलं एक जाकीट आता दिल्लीत काचेच्या पेटीत उभं होतं, खाली पितळी पाटी, पाटीवर अवधूतचं नाव. ही पाटी आठवली की त्याला एरवी बरं वाटायचं. आज ती डोळ्यांसमोर आली ती मागच्या बाजूने, जिथे स्क्रू दिसतात.

नव्या रेघा त्याने चटईवर ओळीने मांडल्या. बारा रेघा, शिपायांसारख्या. त्यांच्याकडे पाहताना त्याला वडिलांचा रूळ आठवला. सदाशिवराव जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं होते, आणि त्यांच्याजवळ काळ्या लाकडाचा, लाटण्यासारखा गोल रूळ होता. रजिस्टरची पानं आखायची असली की ते तो कागदावरून असा सरकवत की पोरगा अवधूत जेवण सोडून बघत बसे. रूळ गोल, तो लोळणार, तरी रेघ सरळ यायची. त्याला त्या वयात ते जादूसारखं वाटे. मोठेपणी तो फॅशन शिकायला गेला तेव्हा शेजारी विचारत, मुलगा काय करतो, आणि सदाशिवराव सांगत, 'कापडाचं पाहतो,' जणू सरकारात तसं एखादं खातं आहे आणि मुलाची तिकडे बदली झालेली आहे. पहिलं जाकीट अवधूतने त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ती रेघ वरपासून खालपर्यंत नीट पाहिली होती आणि एवढंच म्हणाले होते, 'बाईचं कोणी आजारी आहे काय घरी?'

त्याने एका तुकड्यावर स्वतः टाके घालून पाहिले. सुई धरता येत होती, शिकला होता. वळण आलं, पण ते आपण वळतो आहोत हे जाणणारं वळण होतं, लग्नात फोटोसाठी मान तिरकी करणाऱ्या नवरदेवासारखं. दुसऱ्यांदा डावा डोळा मिटून घातलं. तिसऱ्यांदा तो खाली गेला, बैठकीतून वडिलांचा जाड काचेचा चष्मा उचलून आणला, तो डोळ्यांवर चढवला आणि धूसर निळ्या कापडावर सुई खुपसली. बोटातून रक्त आलं. रेघ जिथे गेली तिथे दारू प्यायलेला माणूससुद्धा गेला नसता.

'काय करून राह्यला तू?' सदाशिवराव दारात उभे होते. हातात पेपर.

'रेघ घालतोय, बाबा.'

'वाकडी आहे.'

'वाकडीच हवी आहे.'

सदाशिवरावांनी यावर विचार केला. 'नाही, माझा चष्मा तुझ्या डोळ्यावर आहे म्हणून विचारलं. मी अर्ध्या तासापासून पेपर धरून बसलो. म्हटलं, आज तेलुगूत टाकला काय पोऱ्यानं.' अवधूतने चष्मा काढून दिला. त्यांनी तो घातला, चटईवरच्या बारा रेघा पाहिल्या, वाकले, एका रेघेवर नख धरून शेवटपर्यंत नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर, निवृत्तीच्या समारंभातही आलं नव्हतं, असं काहीतरी आलं. 'हे कोणं केलं?'

'हंसाबाईंनी. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यांचं.'

'बरं झालं. तूच नेणार होता ना त्यांना? गेल्या वर्षीच म्हणत होता.'

अवधूत बोटावरचं रक्त चोखत राहिला. वडील पेपर घेऊन खाली गेले. जिन्यावर त्यांची पावलं सारख्या अंतराने पडली, एक, दोन, तीन.

पुण्याहून मितालीचा फोन आला. प्रदर्शन तिच्या दालनात होतं, नऊ दिवसांवर. 'अरे, रेघेचा क्लोजअप पाठव ना. कॅटलॉगला थरथरती रेघ असं छापून झालंय.' अवधूत म्हणाला, या वेळी रेघ जरा वेगळी आहे. 'वेगळी म्हणजे?' सरळ आहे. 'सरळ रेघ कोण बघायला येणार, अवधूत? ती तर कुठेही मिळते.' मग ती समजुतीने म्हणाली, 'त्यांना सांग ना तशी घालायला. त्यांना काय अवघड आहे? त्यांचीच तर स्टाइल आहे.' फोन ठेवल्यावर हे वाक्य खोलीत उभंच राहिलं. सहा वर्षं तो सगळीकडे 'माझी रेघ' म्हणत आला होता. फार नम्र व्हायचं असलं तर 'आमची'. रेघ काढून घेतली तर जाकिटात काय उरतं हे त्याने पाहिलं. गळा चांगला होता. खिसे बऱ्यापैकी होते. असे गळे आणि असे खिसे दत्त चौकातल्या कुठल्याही रेडिमेडच्या दुकानात हँगरवर लटकलेले होते.

दुपारी तो गाडी काढून दारव्हा रस्त्याला लागला. कापूस वेचणीचे दिवस. दोन्ही बाजूंना बाया ओणव्या होऊन वेचत होत्या, पोटाला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. हेल्मेटच्या आत तो मनातल्या मनात बोलायची तयारी करत होता. मावशी, थोडं पहिल्यासारखं. मावशी, लोकांना जुनी सवय आहे. कुठलंही वाक्य तोंडात धरलं की त्याला वडिलांच्या कचेरीचा वास यायचा: विषय, रेघ वाकडी घालून मिळणेबाबत. या रस्त्याने तो महिन्यातून दोनदा जायचा, आणि दुसऱ्या वर्षी याच दिवसांत एकदा गेला असताना हंसाबाईंनी त्याला ताकाचा ग्लास आणून दिला होता. दिला म्हणजे स्टुलावर ठेवला, आणि स्टूल होतं त्याच्या वीतभर डावीकडे ठेवला. ग्लास खाली पडला. ताक त्याच्या बुटावर उडालं. हंसाबाई म्हणाल्या, 'हात मरून राह्यला वाटते माह्या.' अवधूतने बूट पुसता पुसता वर पाहिलं, त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधाळ ठिपके होते, आणि त्या क्षणी सगळं कळलं: आठ बोटं, डावीकडे, पुन्हा जागेवर. सुया समीक्षा सकाळीच वीसेक ओवून स्पंजच्या तुकड्यात खोचून ठेवायची, ते का, हेही कळलं. कळलं, आणि तो म्हणाला, 'असू द्या मावशी, गरमी किती आहे.' नोव्हेंबर होता.

त्यानंतर समीक्षाने फोन केला होता की गावाजवळ डोळ्यांचं शिबिर आहे, नेऊ काय? अवधूतला मनापासून काळजी वाटली होती. शिबिरात कशाला, तो म्हणाला, मी मावशींना यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे नेतो, फक्त मार्चचं काम होऊ द्या. समीक्षाने ही गोष्ट शेजारीपाजारी सांगितली. भाऊ म्हणजे देवमाणूस. मार्च झाल्यावर ऊन फार होतं, उन्हात डोळ्याचं नको. पावसाळ्यात नको, दमट हवा. दिवाळीत घरात वर्दळ असते. पुढच्या शिबिराच्या वेळी पुन्हा मार्च आला. त्यांना दिसू नये असं अवधूतच्या मनात एकदाही आलं नाही, हे त्याला शपथेवर सांगता आलं असतं. त्याने हंसाबाईंच्या डोळ्यांची एवढी काळजी घेतली की साडेतीन वर्षं त्यांना कुणाला हात लावू दिला नाही. गाडी एका खड्ड्यातून गेली आणि त्याचे दात एकमेकांवर आपटले.

हंसाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या, डोळ्यांना शिबिराचा काळा चष्मा, त्यामुळे सत्तरीच्या बाईला हिंदी सिनेमातल्या स्मगलरची कळा आलेली. गाडी थांबली तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. पूर्वी त्या आवाज आल्यावर बघायच्या.

'अवधूतभाऊच होय न जी?'

'हो मावशी. ओळखलं नाही का?'

'आवाज वयखला.' त्या अजून बघतच होत्या. 'केस पांढरे झाले तुमचे. मले वाटे, तुमी पोरगंच हा.'

समीक्षा आतून हसली. 'आत्याबाई आठ दिवसांपासून सगळ्याइले असंच म्हणून राह्यल्या. काल मले म्हणे, तू एवढी काळी होती काय वं?'

'मंग? लग्नात उजेड कमी होता,' हंसाबाई म्हणाल्या.

तेव्हा त्याला त्यांच्या मांडीवरचं कापड दिसलं. ते पहिल्या वर्षीचं जाकीट होतं, तेव्हा रेघ बाहीवरही असायची. त्याने त्यांना भेट दिलेलं. थंडीत लुगड्यावर घालून त्या शेतात जायच्या, त्यामुळे ते विटून आभाळाच्या रंगाचं झालं होतं. उजव्या हातात अर्धं ब्लेड होतं आणि त्या एकेक टाका कापून दोरा उपसत होत्या.

'हे काय करताय?'

'उसवून राह्यली. हे घालून म्या किती हिवाये कापूस येचला. बाजारात गेली, तेरवीले गेली. कोनं सांगतलं नाई, का बाई, तुह्या छातीवर साप चढून राह्यला.'

'कोण सांगन?' समीक्षा म्हणाली. 'सगळे म्हणत, पुण्याची फॅशन हाये.'

'बाकीचे पन असेच असतीन न भाऊ?' हंसाबाईंनी चष्मा त्याच्याकडे वळवला. 'आना त्याइले वापस. एका महिन्यात सारे सरय करून देतो.'

अवधूतने सांगितलं की ते शक्य नाही, ते लांब लांब गेलेत. एक दिल्लीला आहे, काचेच्या पेटीत. हे सांगताना आपण काहीतरी चांगली बातमी देत आहोत असं त्याला वाटलं. हंसाबाईंचा हात थांबला. 'काचेत? म्हंजे येनारा-जानारा पायते?' हो, तो म्हणाला, रोज. त्यांनी पदराने तोंड पुसलं. अवधूतने ठरवून आणलेलं वाक्य, आता नाही तर कधीच नाही म्हणून, बाहेर टाकलं. 'मावशी, लोकांना ती वाकडीच आवडते. या वेळेसही तशीच हवी आहे.'

'वाकडी पायजे?'

'हो.'

'सांगाचं न मंग.' त्यांचा चेहरा मोकळा झाला. 'त्यात कोनती मोठी गोष्ट हाये. आंधयेपनी आली तशीच न? समीक्षा, ते फडकं आन वं.' त्यांनी चष्मा काढला, समीक्षाने डोळ्यांवर गमछा बांधला, हातात सुई आणि निळा तुकडा दिला. अवधूत पुढे वाकला. सुई आत गेली, बाहेर आली, आत गेली. हंसाबाईंचा अंगठा कापडावरून मोजत पुढे सरकत होता, घरातल्या माणसाने वीज नसताना स्वयंपाकघरात जावं तसा. सहा बोटं. सात. आठ. अवधूतने श्वास धरला. नऊ. दहा. गमछा काढला तेव्हा तुकड्यावर रेघ होती, आणि ती सदाशिवरावांच्या रुळालाही साधली नसती इतकी सरळ होती.

हंसाबाईंनी ती पाहिली. मग उघड्या डोळ्यांनी त्यांनी मुद्दाम वाकडी घातली. ती पोराने पाटीवर काढलेल्या गांडुळासारखी आली, आणि त्या स्वतःच हसल्या. हसता हसता थांबल्या. 'हात तं पयल्यापासून सरयच हाये जी माह्या,' त्या हळू म्हणाल्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. 'ते धुकं मंधात ये. जिथी ये, तिथून टायून जाव लागे, अन् वाटे आपन सरय चाललो.' चष्मा त्यांनी परत लावला नाही. ऑपरेशनचा डोळा लाल होता, पण आतून स्वच्छ होता, आणि तो अवधूतवर येऊन थांबला. 'भाऊ, मले नोतं दिसत. तुमाले तं दिसे न?'

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. एक नाही, सहा वर्षांची उत्तरं होती, सभागृहात टाळ्या घेतलेली. रेघ चुकत नाही, ती विचार करते. त्यातलं कुठलंही या अंगणात, बाजेसमोर, स्टुलावर बसून म्हणता येईल का, हे त्याने एकेक करून तपासलं. स्टूल तेच होतं.

'दिसायचं, मावशी.'

'कवापासून?'

'ताक सांडलं होतं, तेव्हापासून.'

समीक्षा चहाचा कप घेऊन येत होती. ती दारातच थांबली. 'अन् ते मोठे डॉक्टर?' तिचा आवाज साधाच होता. 'ते काय म्हणत होते?'

'मी कोणाला विचारलंच नव्हतं,' अवधूत म्हणाला.

समीक्षाने कप स्टुलाजवळ जमिनीवर ठेवला, त्याच्या हातात दिला नाही, आणि आत गेली. आत एक भांडं जोरात ठेवल्याचा आवाज झाला. हंसाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर त्याला माफी मागता आली असती. त्यांनी जाकीट उचललं, ब्लेडचा दुसरा अर्धा तुकडा पुडीतून काढला आणि त्याच्यापुढे धरला. बरोबर त्याच्या हातात, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही.

'बसा अठी. हे बाही तुमी उसवा.'

तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे जाकीट. तिकडे त्या छातीवरची रेघ काढत होत्या, इकडे तो बाहीवरची. टाके जुने होते, धुवून धुवून कापडात बसलेले; एकेक कापून नखाने ओढावा लागे. आपल्या नावाचं एवढं बारकाईचं काम त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. हंसाबाईंनी शेवटचा दोरा उपसला, कापड झटकलं आणि उन्हात धरलं. रेघ तिथेच होती. दोरा नव्हता, पण जिथे दोरा होता तिथे ऊन पोचलं नव्हतं. विटलेल्या कापडावर गर्द निळ्या ठिपक्यांची ओळ, आठ बोटं सरळ, मग डावीकडे, मग परत जागेवर. त्यांनी अंगठा ओला करून घासून पाहिलं.

'हे नाई निंघत काय?'

'नाही.'

'धुतल्यानं?'

पूर्वीचा अवधूत म्हणाला असता, निघेल मावशी, मार्चपर्यंत. 'नाही निघत,' तो म्हणाला. 'बाकीचं विटलं, हे नाही विटलं.'

हंसाबाई त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या आणि अवधूतही बघत राहिला. आणि तेव्हा, लाजेने कान गरम असताना, हातात ब्लेड असताना, त्याच्या मनात आलं की हे दोऱ्यापेक्षा सुंदर आहे. नसलेल्या रेघेची रेघ. मितालीला हे पटेल. बारा जाकिटं उन्हात टाकली, तर नऊ दिवसांत? वाक्यसुद्धा तयार व्हायला लागलं, माइकच्या उंचीवर. त्याने ब्लेड मांडीवर ठेवलं आणि त्याचा उजवा हात, कुणी न सांगता, फोनसाठी खिशाकडे गेला. पूर्वी या अंगणात तो असे किती फोटो काढायचा. कुणाला कळत नसे.

'हात बाहेर काढा, भाऊ,' हंसाबाई कापडावरून नजर न उचलता म्हणाल्या. 'मले दिसते आता.'

त्याने हात बाहेर काढला. बाहीवरचं वळण अजून चार बोटं उसवायचं होतं.